घाणेरीचं माहेर कुठलं?

वीकएण्डला रत्नागिरीत येणाऱ्या माझ्या मित्रमंडळींचा कॅमेरा एका फुलासाठी हमखास बाहेर येतो. एकाच गुच्छात पिवळं, केशरी, गुलाबी! ‘वॉव, काय नाव?’ मी सांगते, ‘घाणेरी.’ चेहरे बघण्यासारखे होतात. पान चुरगळून नाकाशी धरलं, की मग पटतं.

पण खरी धमाल आहे ती हिच्या शास्त्रीय नावात. ‘लँटाना कॅमारा’ हे नाव लिनियसनं १७५३ मध्ये दिलं, ते अमेरिका खंडातल्या उष्ण भागातल्या एका झुडपाला. पुढे युरोपातल्या बागवाल्यांनी नवनव्या रंगांच्या हौसेपायी वेगवेगळ्या लँटानांचे संकर केले. म्हणजे चक्क अरेंज्ड मॅरेज! त्यांची संतती शोभेचं झाड म्हणून जगभर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात लँटाना आली आणि तिथून कुंपण ओलांडून देशभर पसरली. आपल्या सड्यावर माजलेली घाणेरी ही अशी बागेत जन्मलेली.

मग तिला जुनंच नाव कसं चालेल? २००६ मध्ये रॉजर सँडर्स या वनस्पतिशास्त्रज्ञानं या संकराचं रीतसर वर्णन करून ‘लँटाना स्ट्रिगोकॅमारा’ असं नवं नाव दिलं. वनस्पतींच्या बारशाचा नियम कडक असतो. वर्णन रीतसर प्रसिद्ध करायचं आणि दाबून वाळवलेला एक नमुना हर्बेरियममध्ये कायमचा जपायचा. तरी अनेक पुस्तकांत अजून जुनंच नाव चालतं.

‘नावात काय एवढं?’ असं म्हणाल, तर पुष्कळ काही. तण आवरायचं, तर त्याच्या मूळ गावी त्याला खाणारे किडे शोधावे लागतात. भारतानं १९२१ मध्ये हवाईहून घाणेरीच्या फळांवर जगणारी माशी आणली, नंतर आणखी किडे आणले. घाणेरी पुरून उरली. एक कारण हेच, की अनेक किडे ठरावीक जातीलाच सरावलेले असतात आणि या संकराला माहेरचं जंगलच नाही. २०२० च्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या जंगलपट्ट्यात तिनं सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जागा बळकावलीय.

तेव्हा बाल्कनीसाठी नर्सरीतून लँटाना घेताना रंगाआधी एक प्रश्न विचारा, ‘हिला फळं धरतात का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर कुंडी तिथेच ठेवा. बुलबुल ती फळं खातात आणि बिया कुठल्या डोंगरावर टाकतील, याचा नेम नाही.