उजवीकडे फिरवलं, गाडी डावीकडे

लकडगंज म्हटलं की नागपूरकराच्या नाकात आधी सागवानाचा भुसा जातो. डिसेंबर २०२२पासून डोक्यावरून मेट्रो धावतेय, पण टेलिफोन एक्स्चेंज स्टेशनचा जिना उतरून दोन गल्ल्या आत शिरलात की आरा मशीनची तीच किंचाळी, ट्रकमधून उतरणारे तेच ओंडके. आमची रेसकार याच भुशात जन्माला आली.

आमची म्हणजे तिघांची. एक मी. दुसरा माझा दोस्त, मिहानमध्ये सोमवार ते शुक्रवार कोड पाडतो. तिसरी त्याची धाकटी बहीण. आमच्यात गाडी खऱ्या अर्थानं तिलाच चालवता येते. त्यांच्या वडिलांना मी काकाजी म्हणतो. आरा मशीन त्यांची, मागची शेडही त्यांचीच. शेड देताना त्यांनी एकच अट घातली होती. पोरगी सीटवर बसायच्या आधी स्टिअरिंग मला दाखवायचं.

आम्ही अर्थातच नाही दाखवलं.

थोडा फ्लॅशबॅक. घरी गाडी बांधायचं हे खूळ काही आमचं नाही. इंग्लंडमध्ये १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटसनं ‘सेव्हन’ नावाची गाडी सुट्या भागांत विकायला काढली. सुटे भाग घेतले की टॅक्स वाचायचा, मात्र जोडणीची माहिती सोबत द्यायची नाही असा नियम. मग म्हणे कंपनीनं गाडी ‘उघडायची’ कशी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाईक त्या उलट्या वाचायचं. सरकारी नियमाला इतकी गोड टांग मी दुसरी ऐकलेली नाही. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं त्याच वळणाची रोडस्टर बांधली. आणि कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मारुती ८००च्या इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुती’ उभी केली, म्हणून इथल्या पोरांना सिंगल सीटर परवडली. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाच्या करी मोटर स्पीडवेवर आज दरवर्षी कॉलेजची पोरं ‘फॉर्म्युला भारत’ खेळायला जातात.

आमची गाडी त्यापुढे गरीब. चौकोनी पाइपची चॅसी, मागे जुन्या बाइकचं इंजिन, वजन तीनशे किलोच्या आत. रस्त्यावर चालवायचा प्रश्नच नाही. मोटार वाहन नियमांत १२६ क्रमांकाचा नियम आहे. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतून पास झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. म्हणजे आमचं आयुष्य खासगी आवारात किंवा ट्रॅकवर, बस्स.

आता मुद्द्यावर. इंजिन सुरू करणं सोपं असतं हो. सुरू झालं की सगळे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. स्टिअरिंगचा फोटो कोणी काढत नाही.

भंगारातून आम्ही एका छोट्या हॅचबॅकचा रॅक आणला. फंडा साधा आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चक्र असतं, तो पिनिअन. तो एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतो, तो रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, टाय रॉड चाकाला. मूळ गाडीत हा रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या मागे होता. आमच्याकडे तिथे चालकाचे पाय येत होते. म्हणून आम्ही तो उचलून पुढे बसवला, तीन संध्याकाळी वेल्डिंग केलं आणि चौथ्या संध्याकाळी गाडी जॅकवर घेऊन स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

चाकं डावीकडे गेली.

‘‘अबे, हे काय होऊन राहिलं?’’ दोस्त म्हणाला. पाच मिनिटं आम्ही नुसते हसत होतो. नंतर कागदावर काढून पाहिलं, तेव्हा हसू थांबलं. रॅक मागे असेल तर उजवीकडे वळायला चाकाची मागची बाजू डावीकडे ढकलावी लागते. पुढे असेल तर चाकाची पुढची बाजू उजवीकडे. रॅक बिचारा जसा पूर्वी सरकायचा तसाच सरकत होता, जागा आम्ही बदलली होती. उपाय एकच, सगळा रॅक उलथा करायचा. पिनिअन पट्टीच्या वर होता, तो खाली आणायचा. पण उलथा केल्यावर पिनिअनचं तोंड उजवीकडून डावीकडे गेलं आणि स्टिअरिंगचा सरळ दांडा तिथवर पोचेना. मग मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट आले.

या जॉइंटनी आठवडा खाल्ला. स्टिअरिंग फिरवताना जड, हलकं, जड, हलकं. ३० अंशांच्या कोनात एकच जॉइंट असेल, तर एका फेरीत पलीकडची गती दोनदा साधारण १३ टक्क्यांनी मंदावते आणि दोनदा १५ टक्क्यांनी वाढते. दोन जॉइंट घेतले, दोघांचे कोन सारखे ठेवले आणि मधल्या दांड्यावरची दोन्ही चिमटी एका पातळीत ठेवली, की एकाची चूक दुसरा खातो. आमची चिमटी एकमेकांना काटकोनात होती. म्हणजे एकाची चूक दुसरा वाढवत होता! (तुमच्या ऑफिसातल्या दोन मॅनेजरांची आठवण झाली तर तो माझा दोष नाही.)

खुळखुळ मोजायला आम्ही विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचं नियमपुस्तक वापरलं. चाक न हलता स्टिअरिंग एकूण ७ अंशांपेक्षा जास्त हलायला नको, असं ते सांगतं. आमच्या २५० मिलिमीटरच्या स्टिअरिंगच्या कडेवर हे होतात साधारण १५ मिलिमीटर. आमचे २५ भरले. रॅकमधला झिजलेला बुश बदलला आणि १० वर आलो. ॲकरमन भूमिती, म्हणजे वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं हा १८१८चा पेटंट घेतलेला प्रकार, आम्हाला नीट जमलाच नाही. रॅक पुढे घेतला की चाकाला जोडणारे हात बाहेरच्या बाजूला झुकवावे लागतात, आणि तिथे आमची ब्रेकची डिस्क आडवी येते. सोडून दिलं. खरं सांगतो, आजही तसंच आहे.

मग तो रविवार. भंडारा रोडवर काकाजींचं गोदाम आहे, समोर मोठं काँक्रीटचं आवार, एका कडेला लाकडाची थप्पी. काकाजी लग्नाला गेलेत असा आमचा समज. पोरगी बसली. दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत वेग जेमतेम पस्तीस असेल. काँक्रीटच्या दोन स्लॅबमधल्या सांध्यावरून तिचं डावं चाक उडालं आणि गाडी स्टिअरिंगला न विचारता डावीकडे वळली, थेट थप्पीकडे. ती थांबली तेव्हा नाक आणि पहिला ओंडका यांच्यात दीड हाताचं अंतर होतं. तिनं हेल्मेट काढलं. हात थरथरत होते, पण पहिलं वाक्य काय, तर ‘‘मी नाही फिरवलं!’’

काकाजी गेटात उभे होते. लग्नाच्या कपड्यांत. ते काही बोलले नाहीत. चालत आले, किल्ली काढली, कुर्त्याच्या खिशात टाकली आणि निघून गेले.

तीन आठवडे शेडला कुलूप. दोस्त घरी गप्प, बहीण बापाशी बोलेना. मी मात्र वाचत बसलो. या दुखण्याला बंप स्टिअर म्हणतात. चाक वर-खाली होताना दोन मार्गांनी फिरतं. सस्पेन्शनचे हात त्याला एका कमानीत नेतात आणि टाय रॉड दुसऱ्या. दोन कमानी जुळल्या नाहीत की चाक वर जाताना आपोआप वळतं. चालक काहीही करो.

चौथ्या शनिवारी काकाजींचा फोन. ‘‘ये बाप्पा. पोहे खाऊन ये, वेळ लागंन.’’

शेडमध्ये गेलो तर गाडी चार ठोकळ्यांवर, पुढच्या स्प्रिंग काढून ठेवलेल्या, आणि दोन्ही बाजूंना खिळ्यांना ताणून बांधलेली सूतदोरी. चाळीस वर्षं ज्यानं पात्याची रेघ सरळ ठेवली, त्याला चाकाची रेघ काय अवघड! रेसिंगवाले टो मोजायला दोरीच वापरतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्यांनी वाचलं नव्हतं. प्लायवूडच्या पट्ट्या चाकाखाली सारत ते चाक थोडं थोडं उचलत गेले. दर वेळी रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचं अंतर घ्यायचं, पेन्सिलीनं प्लायवर लिहायचं. २५ मिलिमीटर उचललं की डावं चाक ३ मिलिमीटर बाहेर उघडत होतं. उजवंही तेवढंच.

आकडे मांडले तर सरळ रेघ आली. हे महत्त्वाचं होतं. रेघ वाकडी आली असती तर टाय रॉडची लांबी चुकलेली, म्हणजे नवा रॅक. सरळ आली म्हणजे चूक फक्त उंचीची. रॅक वर बसला होता. मी हिशेब केला, १२ मिलिमीटर निघाले. काकाजींनी डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बोटभर कमी.’’

ब्रॅकेट कापले, रॅक खाली घेतला, पुन्हा मोजलं. आता तेवढ्याच उचलीला अर्धा मिलिमीटर. काकाजींनी स्टिअरिंगच्या दांड्यावरचे आमचे दोन वेल्डही पाहिले. एकावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हा कोणी केला?’’ मी केला होता. तो कापून दातेरी कपलिंग बसवेपर्यंत त्यांनी जेवायला सोडलं नाही.

परवाच्या रविवारी पुन्हा गोदाम. पहिल्यांदा काकाजी स्वतः बसले. पोट आणि स्टिअरिंग यांचा थोडा वाद झाला, पण बसले. त्याच सांध्यावरून आधी दहाच्या वेगानं, मग वीसच्या, मग परत. गाडी उडाली, पण रेघ सोडली नाही. उतरताना त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्याकडे किंवा दोस्ताकडे न बघता पोरीच्या हातावर ठेवली.

‘‘थप्पीकडून नको जाऊ, बेटा.’’

ती अर्थातच थप्पीकडून गेली.