काहीही चालेल

शाळा सुरू व्हायला आता दहा-बारा दिवस राहिलेत. आमच्याकडे वह्यांना खाकी कव्हरं घालणं, गेल्या वर्षीची पाण्याची बाटली शोधणं वगैरे नेहमीची गडबड चालू आहे. त्या गडबडीतच परवा मी कालनिर्णयचं पान उलटलं, पेन्सिल घेतली आणि जूनच्या चौकोनांमध्ये 'मटकी', 'पालक', 'अंडी', 'पिठलं' असं लिहायला बसलो. बायको शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे अजून चालू ठेवणारेस? आता मी आहे की."

आता मी आहे की! या चार शब्दांवरच आज लिहायचंय.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. बायको बँकेत आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये, ऐन शाळा सुरू होताना, तिची कोल्हापूरला बदली झाली. ती वर्षभर तिकडे, आणि पुण्यात मी, दोन मुलं आणि माझी आई. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, त्यामुळे महिन्यातून दोनदा शुक्रवारी रात्री ती घरी यायची. थोरली नववीत, तिची शाळा सकाळी सातची. धाकटा चौथीत. 2024 साली सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं, त्यामुळे त्याची शाळा उशिराची. म्हणजे सकाळी डबे दोन पाळ्यांत. थोरलीचे मंगळवारी आणि गुरुवारी रात्री आठपर्यंत क्लास. माझं ऑफिस हिंजवडीला, घर कोथरूडला. सहाला निघालो तर साडेसात, आणि पाऊस असेल तर देव जाणे.

मला स्वयंपाक येतो हो. भात, वरण, दोन-चार भाज्या, अंडा करी, शिवाय अडलंच तर घरात 'रुचिरा' आहेच. पोळ्यांना मावशी येतात. तेव्हा बायकोला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "जेवणाची काळजी करू नकोस."

पहिले तीन आठवडे निभावले. म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर मी साडेसातला घरी यायचो, फ्रीज उघडायचो आणि त्याच्यासमोर उभा राहायचो. आईला विचारायचो, "आज काय करूया?" आई म्हणायची, "काहीही चालेल." थोरलीला विचारायचो, ती हेडफोनमधून म्हणायची, "काहीही." धाकटा म्हणायचा, "मॅगी!" मग पंधरा-वीस मिनिटं विचार करण्यात जायची, दुधी सोलायला घेतल्यावर कळायचं की मूगडाळ संपलीये, आणि जेवायला सव्वानऊ वाजायचे. तोपर्यंत धाकटा सोफ्यावर झोपलेला असायचा आणि थोरलीने ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकलेलं असायचं.

आणि मग जुलैमधला तो गुरुवार आला. मावशींची पावसामुळे दांडी. मी चांदणी चौकात अडकलेलो. आईला मधुमेह आहे आणि तिची एक गोळी रात्रीच्या जेवणाआधीची असते. तिने ती नेहमीप्रमाणे साडेसातला घेतली आणि आमची वाट बघत बसली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ओट्याशी उभं राहू नकोस असं मीच बजावलेलं. थोरली सव्वाआठला क्लासहून आली तर आजी घामाने डबडबलेली, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. पोरीने घाबरत घाबरत साखरपाणी करून पाजलं (हे तिला तिच्या आईने शिकवून ठेवलं होतं, मी नव्हे). मी पावणेनऊला पोचलो तेव्हा आई सावरून बसली होती. हातात बिस्किट होतं आणि वर तीच माझी समजूत घालत होती, "काही नाही रे, तू आल्यावर काय ते ठरवू म्हटलं."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की गोळी घेतली की जेवण लांबवायचं नाही. पण माझ्या डोक्यातून आईचं ते वाक्य जाईना. घरात तांदूळ होते, डाळ होती, कणीक होती, फ्रीजमध्ये भाजी होती. आज काय करायचं, एवढंच कुणी ठरवलेलं नव्हतं.

मग मी इंजिनिअर माणूस जे करेल ते केलं. एक्सेल शीट! पंधरा दिवसांचे पंधरा वेगळे मेनू, प्रत्येकापुढे सामान, रंगीत चौकोन. कुठलीही भाजी परत येणार नाही याची खात्री केलेली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं आणि मी ती शीट बायकोला पाठवलीसुद्धा. तिने फोनवर एकच विचारलं, "सोमवारी मटकीची उसळ लिहिलीयेस. भिजत कधी घालणार?"

मी गप्प. मटकी आठ तास तरी भिजायला हवी, मग उपसून फडक्यात बांधली की मोड यायला आणखी अर्धा-पाऊण दिवस. म्हणजे सोमवारी रात्री उसळ हवी तर शनिवारी रात्री मटकी पाण्यात पडायला हवी आणि रविवारी सकाळी फडक्यात बांधायला हवी. छोल्यांचं तेच. मेथी आदल्या रात्री निवडलेली नसेल तर शाळेच्या दिवशी मेथी होत नाही. या गोष्टी मी आयुष्यभर खाल्ल्या होत्या. पण सोमवारची उसळ शनिवारीच कुणीतरी ठरवलेली असते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. शीट बुधवारीच कोलमडली, हे वेगळं सांगायला नको :)

त्या शनिवारी भाजी निवडताना मी आईला विचारलं, "तू कधी ठरवायचीस गं, आज काय करायचं ते?" आम्ही घरात सात माणसं होतो. वही नाही, यादी नाही, काही नाही. आईने शेंगा मोडता मोडता सहज सांगितलं, "सकाळी डोळे उघडायच्या आधी." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या बाबांना विचारलं तर म्हणायचे काहीही कर. आणि पानावर बसले की, आज हेच का?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही. कारण 'काहीही चालेल' हे वाक्य मी लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षं रोज संध्याकाळी म्हणत आलोय. आणि ते म्हणताना आपण किती उदार नवरा आहोत, आपले कसे काही नखरे नाहीत, असं मला मनापासून वाटायचं. भाजी चिरून द्यायचो, कुकर लावायचो, भांडीसुद्धा लावायचो. 'मी घरात मदत करतो' असं चार लोकांत सांगायचो. पण खरं काम वेगळंच होतं. कुणाला काय वर्ज्य, काय संपत आलंय, कोण किती वाजता येणार, काल काय झालं, उद्याच्या डब्याला काय उरायला हवं, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरायचं आणि त्यातून रोज एक उत्तर काढायचं. 'काहीही चालेल' म्हणणारा माणूस यातलं काहीच उचलत नाही, उलट प्रश्न जसाच्या तसा परत करतो. आणि वर नाराज व्हायचा हक्क राखून ठेवतो!

तर माझं मत असं, की शाळेच्या दिवसांत रात्रीच्या जेवणाचं नियोजन म्हणजे नव्या नव्या पदार्थांची यादी नव्हे. नियोजन म्हणजे हे ठरवण्याचं ओझं वाटून घेणं. जो जेवतो त्याने आठवड्यातला एक दिवस तरी ठरवायला हवं. चौथीतल्या मुलानेसुद्धा.

आम्ही केलं ते अगदी साधं आहे. आधी वेळ पक्की केली. आठ वाजता आई आणि धाकटा जेवणार म्हणजे जेवणार, मी असो वा नसो. मागाहून येणाऱ्याजवळ कुणीतरी बसायचं. मग वार वाटले.

सोमवार आईचा. तिने डोळे मिटून उसळ ठरवली, कारण शनिवार-रविवारी भिजवायला, बांधायला वेळ असतो. एक आठवडा मटकी, एक आठवडा मूग, एक आठवडा चवळी.

मंगळवार थोरलीचा. वरण-भात, पालेभाजी, कोशिंबीर. वरणाचा कुकर ती क्लासला जायच्या आधी स्वतः लावते.

बुधवार धाकट्याचा. अर्थातच अंडी. आई अंडी खात नाही, म्हणून अंडी सोडायच्या आधी तिच्यापुरता रस्सा वेगळा काढून त्यात मटार. श्रावणात अंडी बंद, तेव्हा त्याने आपणहून डोसे जाहीर केले आणि पीठ मंगळवारी आणायची आठवणही केली.

गुरुवार माझा, आणि गुरुवार सगळ्यात वाईट दिवस. म्हणून पिठलं. पाणी उकळायला ठेवल्यापासून दहा मिनिटांत पिठलं होतं, भाकरी पोळी-भाजी केंद्रातून येतात. दर गुरुवारी पिठलं? हो, दर गुरुवारी पिठलं. कधी कांद्याचं, कधी ताकातलं, कधी शेवग्याच्या शेंगा घालून. कुणीही कंटाळून मेलेलं नाही.

शुक्रवारी उरलंसुरलं, आणि ते कमी पडलं तर भाजणीची थालीपीठं.

नियम दोनच. आपल्या वाराचं रविवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं, आणि 'काहीही चालेल' म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या वाराला नाक मुरडायचं नाही, हा तिसरा नियम धाकट्याने भांडून घालून घेतला. हे सगळं कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने, दुधाच्या हिशेबाशेजारी. पेन्सिलीने अशासाठी, की महिन्यातून दोनदा तरी खोडावं लागतंच.

यावर मित्रमंडळींकडून दोन आक्षेप येतात. पहिला, "जेवणाचं काय वेळापत्रक करायचं? मनात येईल ते करण्यात मजा असते." असेल. पण कुणाच्या मनात येईल ते? मनात येण्यासाठी ज्याला सहा वाजल्यापासून डोकं खाजवावं लागतं त्याला विचारा मजा येते का. आणि आपल्याकडे वारांची शिस्त काय नवीन आहे? उपासाचे वार, सामिष न खाण्याचे वार, संकष्टीला चंद्रोदयानंतरचं जेवण, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी बंद. धर्माचं धर्म जाणे, पण या बंधनांमुळे घरच्या बाईचे काही दिवस न विचारता ठरून जायचे, हा मला त्यातला मोठा दिलासा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "तुमच्याकडे पोळ्यांना मावशी आहेत, पोळी-भाजी केंद्र आहे, तुम्हाला काय!" मान्य. बाहेरून भाकरी आणणं परवडणं ही सोय आहे, सगळ्यांना ती नसते. पण ठरवण्याचं काम वाटून घ्यायला पैसे लागत नाहीत. त्याला फक्त घरातल्या बाकीच्यांनी तोंड उघडावं लागतं.

वर्षभर हे सगळं सुरळीत चाललं असं मुळीच नाही. सहामाहीच्या आठवड्यात तीन दिवस खिचडी होती. एकदा मोड आलेले मूग फ्रीजमध्ये विसरले आणि फेकावे लागले, तेव्हा आई दिवसभर बोलली नाही. पण आईची गोळी आणि जेवण यांच्यात परत कधी तासभर गेला नाही. आणि एका मंगळवारी मी उशिरा पोचलो तर थोरली माझ्या ताटाजवळ येऊन बसली आणि शाळेतलं एक खुपणारं काहीतरी आपणहून सांगायला लागली. काय ते इथे लिहिणार नाही. पण सव्वानऊच्या गोंधळात ते माझ्यापर्यंत कधीच पोचलं नसतं.

असो. तर परवाच्या त्या प्रसंगाकडे येतो. बायकोची बदली संपली, मेमध्ये ती परत आली. आणि 'आता मी आहे की' म्हणून ते सगळं ओझं पुन्हा डोक्यावर घ्यायला निघाली होती. मी पेन्सिल खाली ठेवली नाही. म्हटलं, "तू आहेस म्हणून थांबवायचं कशाला? तुलाही एक वार घे. कुठला हवा?"

तिने बराच वेळ कालनिर्णयकडे बघितलं. आई सोमवार सोडणार नाही, बुधवारवर तर धाकट्याचा जन्मसिद्ध हक्क. मला वाटलं ती शुक्रवार मागेल. पण ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत मला एकही वार नको. मला नुसतं पानावर येऊन बसायचंय आणि विचारायचंय, आज काय?"

दिवाळीपर्यंत मंजूर केलंय. 'आज हेच का?' मात्र विचारायचं नाही, असं धाकट्याने तिला आत्ताच बजावलंय.

तुमच्याकडे कोण ठरवतं? उत्तर द्यायच्या आधी घरात एकदा विचारून बघा.