मर्यादा आधी, मार्ग नंतर : आयर्लंडचा मोटारप्रवास



उन्हाळ्याच्या सुट्टीत सहकुटुंब परदेशी जाणे आता आपल्या व्यापारी घरांत नवलाचे राहिलेले नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. दुकानात माल भरताना पै-पैचा हिशेब मांडणारे आपण, प्रवास मात्र दुसऱ्याने आखलेला मुकाट्याने पत्करतो. पन्नास जणांची बस, पहाटेची धावपळ, अंधार पडल्यावर भोजन आणि ‘जैन जेवण मिळेल’ एवढ्या आश्वासनावर सोपवलेला वर्षानुवर्षांचा नियम! घरी कसोशीने पाळलेले व्रत आठ-दहा दिवसांच्या सहलीत ढिले पडते आणि परत आल्यावर त्याची चर्चाही कोणी करीत नाही. स्वतः मोटार चालवीत देश पाहण्याची पद्धत आपल्यासाठी विचार करण्याजोगी आहे ती याच कारणाने. वेळ आपली, थांबा आपला, चूल आपली. मात्र ही मोकळीक नीट आखली नाही, तर तीच नियमाचा घात करते. आयर्लंड या हिरव्या बेटाचे उदाहरण घेऊन ही आखणी कशी करावी, ते पाहू.

आयर्लंड निवडण्याची कारणे सरळ आहेत. तेथे वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. इंग्रजी सर्वत्र चालते. संपूर्ण बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ८४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक. समुद्रकडे, सरोवरे, जुने मठ आणि दगडी कुंपणांची कुरणे ही सारी परस्परांपासून फार दूर नाहीत. पण ‘फार दूर नाही’ या तीन शब्दांतच खरा धोका दडलेला असतो.

पाच अणुव्रतांनंतर येणाऱ्या गुणव्रतांत दिग्व्रत पहिले. दहा दिशांना आपण कोठवर जाऊ, याची मर्यादा श्रावकाने आधी ठरवावी, असे ते सांगते. तीच मर्यादा थोड्या काळापुरती अधिक आखूड करणारे ते देशव्रत, म्हणजेच देशावकाशिक. दिग्व्रताचे अतिचार सांगताना आचार्यांनी मनुष्यस्वभाव अचूक ओळखला आहे. लोभाने क्षेत्र वाढवणे हा एक अतिचार आणि ठरवलेली मर्यादा विसरणे हा दुसरा. ‘एवढे आलोच आहोत, तर तेही पाहून घेऊ’ हे सहलीतील वाक्य म्हणजे क्षेत्रवृद्धीच नव्हे काय? अनर्थदंडाच्या विवेचनात तर निष्प्रयोजन भटकणे हीदेखील प्रमादचर्या मानली आहे. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कुटुंबाने एकत्र बसून द्यावीत : आपण कशासाठी जात आहोत आणि कोठे जाणार नाही?

पहिली मर्यादा सूर्याची. नकाशा उघडण्यापूर्वी सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक उघडावे. मेच्या मध्यावर डब्लिनला सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो आणि रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. २१ जूनच्या आसपास तो दहाच्या सुमारास मावळतो. पश्चिम किनाऱ्यावर त्याहून पाव तास उशिरा. चौविहार पाळणाऱ्यांना यापेक्षा सोयीचा काळ नाही. याउलट दिवाळीच्या सुट्टीत जाल, तर नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य पाचच्या आत मावळतो. चारला मुक्कामी परतून साडेचारला पानावर बसण्याची तयारी असेल, तरच तो काळ निवडावा. मे आणि जून हे तेथील सर्वांत अधिक सूर्यप्रकाशाचे महिने आहेत. जुलैत बहुधा चातुर्मास सुरू होतो, त्यामुळे मेचा मध्य ते जूनचा पूर्वार्ध हाच आपल्या घरांना योग्य काळ.

मात्र दिवस जवळजवळ सोळा तासांचा आहे, म्हणून प्रवासही सोळा तासांचा करू नये. सात वाजता जेवून घ्यावे, नंतर मुक्कामाच्या आसपास पायी फिरावे. प्रतिक्रमण सूर्यास्तानंतर, म्हणजे घरच्यापेक्षा बरेच उशिरा होईल. ज्येष्ठांची झोप त्या हिशेबाने धरून सकाळी निघण्याची वेळ नऊच्या आधीची ठेवू नये.

दुसरी मर्यादा अंतराची. किनाऱ्याला बिलगून जाणारा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा प्रसिद्ध मार्ग उत्तरेच्या डोनेगालपासून दक्षिणेच्या किन्सेलपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटरचा आहे. दहा दिवसांत तो पुरा करणारे लोक पाहतात ते मुख्यतः समोरची काच. आपण त्याचे दोन तुकडे निवडावे आणि उरलेला सोडून द्यावा. दहा रात्रींची एक रचना अशी : पहिल्या दोन रात्री डब्लिनला, पण मोटार न घेता. लांबच्या विमानप्रवासानंतर अपुऱ्या झोपेत अनोळखी रस्त्यावर वाहन चालवणे हा यतनेचा अभाव आहे. तिसऱ्या दिवशी मोटार घेऊन नैर्ऋत्येला किलार्नी. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. तेथे चार रात्री. पुढे शॅनन नदीचे मुख टारबर्ट ते किलिमर अशा फेरीबोटीने मोटारीसह ओलांडून क्लेअर परगणा. नदीपार होण्यास सुमारे २० मिनिटे लागतात आणि शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा वाचतो. क्लेअर किंवा गॉलवे येथे तीन रात्री आणि शेवटची रात्र पुन्हा डब्लिनला. गॉलवेपासून ते सुमारे २१० किलोमीटर.

किलार्नीचे राष्ट्रीय उद्यान हे त्या देशातील पहिले, १९३२ सालचे. तळी, ओकची जुनी राने आणि तांबड्या हरणांचे कळप पाहण्यास एक पूर्ण दिवस राखावा. ‘रिंग ऑफ केरी’ हा १७९ किलोमीटरचा फेरा प्रसिद्ध आहे; तेथे मोठ्या बसगाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे त्यांच्या मागे अडकायचे नसेल तर लवकर निघावे. त्याहून लहान आणि माझ्या मते अधिक सुंदर असा फेरा डिंगल द्वीपकल्पातील स्ले हेडचा. क्लेअरमध्ये मोहरचे कडे २१४ मीटरपर्यंत उंच आहेत आणि शेजारीच बरेन नावाचा चुनखडकाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथे खडकांच्या भेगांतून मे महिन्यात रानफुले डोकावतात.

केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर समुद्रात उभा असलेला स्केलिग मायकल हा खडक आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा. प्राचीन काळी ख्रिस्ती साधू येथे एकांतासाठी येऊन राहिले. दगडावर दगड रचून, चुन्याविना बांधलेल्या त्यांच्या घुमटाकार कोठड्या अजून उभ्या आहेत. तेथे पोहोचण्यास सहाशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, कठडा नाही आणि समुद्र खवळला तर नाव निघतच नाही. त्यांचा धर्म वेगळा, आहारही वेगळा. पण परिग्रह टाकून वाऱ्या-पावसात बसलेल्या त्या साधकांचे स्थान पाहताना, श्रवणबेळगोळ किंवा शिखरजी चढलेल्या माणसाला ओळख पटल्यावाचून राहणार नाही. वृद्धांनी चढण्याचा हट्ट धरू नये. किनाऱ्यावरूनही ते दर्शन पुरेसे आहे.

उत्तरेच्या जायंट्स कॉजवेचे सुमारे ४०,००० बेसाल्ट-स्तंभ या रचनेत बसत नाहीत आणि त्यासाठी क्षेत्र वाढवूही नये. ते स्थळ उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात आहे. सीमेवर तपासणी नाही, तरी कायद्याने ब्रिटनमध्ये प्रवेशाचा हक्क देणारा व्हिसा लागतो. आयर्लंड शेंगेन गटात नाही, त्यामुळे युरोपचा नेहमीचा व्हिसाही येथे चालत नाही. दोन्ही देशांत जायचे असल्यास ब्रिटिश-आयरिश संयुक्त योजनेचा शिक्का व्हिसावर आहे की नाही, ते आधीच पाहावे. बेसाल्टचे स्तंभ पाहण्याची फारच हौस असेल, तर अंधेरीचा गिल्बर्ट हिल आपल्या दाराशी उभा आहे.

आता वाहनाविषयी. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा आणि भाड्याच्या कंपनीच्या अटी लेखी मागवाव्या. अनेक कंपन्यांत चालकाच्या वयाला खालची व वरची अशा दोन्ही मर्यादा असतात. अनामत रक्कम चालकाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर रोखली जाते. ऑटोमॅटिक गाडी हवी असल्यास ती आधी राखून ठेवावी. ती महाग पडते. विम्याचे कागद व्यापारी नजरेने वाचावे : अपघात झाल्यास आपल्याला किती रक्कम सोसावी लागेल, टायर, काच आणि बाजूचे आरसे विम्यात धरले आहेत काय? ग्रामीण रस्ते इतके अरुंद आणि दगडी भिंती इतक्या जवळ असतात, की हानी बहुधा याच वस्तूंची होते. दीडशे सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलांना बालआसन सक्तीचे आहे. डब्लिनभोवतीच्या एम-५० रस्त्यावर टोलनाका दिसत नाही. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरावे लागतात. आयरिश भाषक भागांत पाट्यांवर केवळ आयरिश नावे असतात. डिंगलसाठीही आयरिश नाव शोधावे लागते.

महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, पण मुभा म्हणजे आज्ञा नव्हे. इर्यासमितीत साधू चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. गृहस्थाला वाहन चालवताना ते शक्य नसले, तरी त्यामागील भाव सोडण्याचे कारण नाही. तेथे संधिप्रकाशात हरणे, ससे, बिज्जू रस्त्यावर येतात. सूर्यास्तापूर्वी मोटार दारी उभी करण्याचा नियम केल्यास भोजनाचा नियम आणि जीवदया दोन्ही एकाच वेळी सांभाळल्या जातात.

तिसरी मर्यादा चुलीची. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघरासह मिळणारे घर घ्यावे. छोटा कुकर, तवा, डाळी, पीठ, मसाले, खाकरे घरून न्यावे. परंतु युरोपीय संघाच्या नियमाने बाहेरील देशांतून दुधाचे पदार्थ सामानात आणण्यास मनाई आहे. तूप, पेढे, पनीर नेऊ नये. त्याची उणीव भासणार नाही. तेथील लोणी उत्तम असते आणि बिनमिठाचे लोणी कढवून अर्ध्या तासात तूप होते. ताज्या भाज्या-फळेही नेऊ नयेत. वाटाणा, घेवडा, टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी गावोगावच्या दुकानांत मिळतात. मोठ्या शहरांत भारतीय किराणाही मिळतो.

पाकिटावरील मजकूर वाचण्याची सवय मुलांना लावावी. अंडे, मासे, दूध हे घटक युरोपीय कायद्यानुसार यादीत ठळक छापावे लागतात, त्यामुळे ते चटकन ओळखू येतात. जेलाटीन मात्र तसे ठळक नसते. ते शोधावे लागते. ‘ई १२०’ हा लाल रंग कीटकांपासून बनतो, ‘ई ९०४’ ही लाख. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते आणि न्याहारीच्या धान्यात मध. उपाहारगृहातील ‘शाकाहारी’ या शब्दात कांदा, लसूण, गाजर, मशरूम सारे बसते. आणि बटाटा तर त्या देशाचा श्वासच आहे.

त्या बटाट्याचाही इतिहास आहे. १८४५ साली पिकावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगांनी गेली. जवळपास तेवढीच देश सोडून निघून गेली. गरीब कुळांचे सारे जीवन एकाच पिकावर टांगलेले होते. त्याच काळात त्या भूमीतून धान्य आणि गुरे बाहेर विक्रीस जात राहिली, कारण बाहेर दर चांगला होता. मदतीचा निधी कोलकात्यातूनही गेला, ही नोंद आपल्याला समाधान देणारी आहे. पश्चिमेच्या उतारांवर हिरवळीखाली समांतर वरंबे दिसतात. ती तेव्हा ओस पडलेली बटाट्याची वाफे. धान्याचा व्यापार करणाऱ्या घरांनी मुलांना ते वरंबे अवश्य दाखवावेत. नफा कोठे थांबावा, हा प्रश्न तेथे पुस्तकाविना समजतो.

आणि त्या हिरवळीचेही सत्य मुलांपासून लपवू नये. आयर्लंड हिरवे आहे ते अरण्यामुळे नव्हे; अरण्य तेथे भूमीच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास उरले आहे. ते हिरवे आहे ते कुरणांमुळे. पश्चिमेला वर्षातील सव्वादोनशेच्या आसपास दिवस पाऊस पडतो, समुद्रप्रवाहाने हिवाळा सौम्य राहतो, गवत वाढते आणि त्यावर सुमारे सत्तर लाख गुरे पोसली जातात. माणसांहून गुरे अधिक. त्यांतील बहुतेकांच्या मांसाची निर्यात होते. भिंतीशी उभ्या असलेल्या वासराचे छायाचित्र काढून मूल विचारील, ‘याचे पुढे काय होते?’ त्या प्रश्नाला बगल देऊ नये. यजमानांची निंदा न करता, आपण काय खात नाही आणि का खात नाही, हे सांगण्याची ती वेळ असते. आणि त्याच ओघात आपल्या ताटातील दुधाविषयीही त्याने विचारले, तर तेही ऐकून घ्यावे.

तेव्हा, वाचकहो, बेत ठरवताना वहीचे एक पान घ्यावे. डावीकडे प्रत्येक दिवसाचा सूर्यास्त, मुक्कामाचे गाव आणि वाहन चालवण्याचे तास लिहावे. ते तीन-चारांहून अधिक नसावेत. उजवीकडे यावेळी सोडून दिलेल्या स्थळांची यादी करावी. ती पाहून खंत वाटू देऊ नये, ती तुमच्या मर्यादेची नोंद आहे. पानाखाली घरातील सर्वांत वडील व्यक्तीने आणि सर्वांत लहान मुलाने सही करावी, मगच विमानाचे तिकीट काढावे.