बक्षीस न मिळालेलें चित्र

आमच्या शाळेच्या छायाचित्र-स्पर्धेंत यंदा जें चित्र सर्वांत सुंदर होतें त्यास आम्हीं बक्षीस दिलें नाहीं. याबद्दल विद्यार्थ्यांत व कांहीं पालकांतही बरीच कुजबुज झाली. ज्या मुलानें तें चित्र काढिलें तो गुणी व मेहनती आहे. म्हणून आमची बाजू येथें मांडणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

चित्र भंडारदऱ्याच्या तळ्यावरचें आहे. प्रवरा नदीवर १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या धरणानें सह्याद्रीच्या कुशींत हा विस्तीर्ण जलाशय निर्माण केला. ज्यानें तेथील पहांट पाहिली तो ती विसरणार नाहीं. थंडीच्या दिवसांत पहांटे हवा पाण्याहून थंड असते. म्हणून पाण्यावरून उठणारी वाफ निवून तिचें धुकें होतें. सूर्य क्षितिजालगत असतां त्याचे किरण हवेच्या अधिक लांब थरांतून येतात. निळा प्रकाश वाटेंतच विखुरतो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोंचतो. अशा वेळीं टिबुकली बुडी मारते, पाणकावळा खडकावर पंख वाळवीत बसतो. हें सारें टिपून ठेवावें असें कोणास वाटणार नाहीं?

परंतु स्पर्धेंतील चित्र उन्हाळ्यांतलें होतें. उगवत्या सूर्यबिंबापुढें एक टिटवी पंख पसरून उभी आहे. पाहणारे म्हणाले, "किती सुंदर नाचते आहे!" ती नाचत नव्हती; आपल्या चार अंड्यांपासून ती त्या मुलास हांकलीत होती.

उन्हाळ्यांत तळ्याचें पाणी उतरतें व कांठची खडीची जमीन उघडी पडते. तेथें टिटवी उघड्यावरच अंडीं घालते. अंड्यांचा रंग खड्यांसारखा. तेंच त्यांचें संरक्षण. ऊन तापलें म्हणजे ती अंड्यांवर सांवली धरून उभी राहते, आपलें पोट पाण्यांत भिजवून आणून त्यांना गारवा देते. तिला फार वेळ दूर राहावें लागलें तर अंडीं उन्हानें तापून निकामी होतात, नाहीं तर कावळ्याच्या हातीं लागतात. मनासारखें चित्र मिळेपर्यंत आपण तेथें दोन तास होतों, असें त्या मुलानें आम्हांस प्रांजळपणें सांगितलें.

त्यास दोष देण्यापूर्वीं आमचा दोष सांगणें प्राप्त आहे. शिक्षकांच्या खोलींत टिटवीचेंच एक चित्र बरींच वर्षें टांगलेलें होतें. तें आम्हींच त्याच तळ्यावर काढिलें होतें. दुसरे दिवशीं पुन्हा गेलों, तों खळग्यांत फुटकीं कवचें पडलेलीं! ही गोष्ट आम्हीं आजवर कोणास सांगितली नव्हती. मुलें तें चित्र पाहून वाखाणीत राहिलीं आणि आम्ही ऐकत राहिलों. त्या मुलानें तेंच आपल्यापुढें कित्ता म्हणून ठेविलें होतें. आतां तें आम्हीं उतरविलें आहे.

कोणी म्हणेल, बंदुकीपेक्षां कॅमेरा बरा. हें आम्हांस मान्य आहे. अमेरिकेंतील जॉर्ज शायरस हे गृहस्थ प्रथम शिकारी होते. पुढें बंदूक ठेवून त्यांनीं तळ्यांतून होडी वल्हवीत रात्रीं हरणांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांपैकीं ७४ चित्रें 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें जुलै १९०६ मध्यें छापलीं, तेव्हां पुष्कळांस वन्य प्राण्यांची गोडी लागली. परंतु बंदूक टाकिली म्हणजे शिकार सुटली असें नव्हे. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत 'शिकार' या शब्दाच्या अर्थांत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस व घरट्यांस उपद्रव देणेंही धरिलें आहे.

मग विद्यार्थ्यांनीं चित्रें काढूं नयेत काय? अवश्य काढावींत. उजाडण्यापूर्वीं जाऊन एके जागीं निश्चल बसावें. पक्षी चित्रांत ठिपक्याएवढा आला तरी खंत करूं नये. तळें, धुकें व तो ठिपका मिळूनच तेथील सकाळ होते. उडतांना टिपण्यासाठीं टाळ्या पिटूं नयेत, खडे मारूं नयेत. पक्ष्यानें चरणें थांबवून मान वर केली कीं आपण मागें सरावें. घरटें दिसलें तर कॅमेरा बंद करून तेथून निघावें.

पुढील वर्षापासून प्रत्येक चित्रासोबत पांच ओळींचें टिपण घ्यावें, अशी सूचना आम्हीं केली आहे. आपण कोठें उभे होतों, किती वेळ होतों व काय पाहिलें, हें त्यांत असावें. पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलगा अथवा मुलगी तळ्यावरून परत आली म्हणजे "चित्र कसें आलें?" हें मागाहून विचारावें. आधीं विचारावें, "तूं निघालास तेव्हां पक्षी काय करीत होता?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नसतें.