हार्लेवाल्याची अर्धी वकिली

फिर्याद आधी नीट ऐकून घेऊ. अमेरिकेत गेली दहा-बारा वर्षं ‘मोटरसायकल क्लब रोमान्स’ नावाचा कादंबऱ्यांचा एक प्रकार जोरात चालतो. त्यातही ‘डार्क’ म्हणून विकला जाणारा माल जास्तच. नायक सरळसरळ गुन्हेगार. मानेपर्यंत गोंदलेला, पाठीवर टोळीचं चिन्ह, हाताशी पिस्तूल, आणि लहानपणी बापानं किंवा आणखी कुणी सोलून काढलेला. नायिकाही कुठून तरी जीव वाचवून पळालेली. तो तिला दरडावतो, काही पुस्तकांत कोंडूनही ठेवतो, आणि शेवटच्या पानावर दोघांचा संसार सुखाचा. फिर्यादी म्हणतात, जुलमाला प्रेमाचं लेबल लावून बायकांच्या गळी उतरवण्याचा हा धंदा आहे. हे वाचणाऱ्या पोरी उद्या असलाच एखादा गुंड शोधत हिंडतील.

वाचणारीला कथा आणि वास्तव यांतला फरक कळत नाही, हे या फिर्यादीतलं सर्वांत जुनं कलम. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात ती छापून आली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लेखकाला मोकळं करेपर्यंत तरुण वाचकांच्या नीतीचं काय होणार याचा खल चालू होता. तरुण वाचकांचं काही झालं नाही. ते म्हातारे झाले. युद्धकथा वाचणारा पुरुष उद्या बंदूक घेऊन निघेल असं कुणाला वाटत नाही. बाईनं पुस्तक हातात घेतलं की मात्र तिच्या डोक्याची काळजी शेजारच्यांनाही लागते.

जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक बाईंनी वेगळं केलं. त्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांकडे जाऊन बसल्या. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका गावात पुस्तकाच्या दुकानातल्या एका जाणकार बाईच्या सल्ल्यानं पुस्तकं घेणाऱ्या गिऱ्हाइकांशी त्या बोलल्या, आणि १९८४ मध्ये त्यावर ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. त्या बायका भलत्याच चोखंदळ निघाल्या. बलात्कार आणि फाजील क्रौर्य असलेली पुस्तकं त्या बाजूला सारत. आणि पुस्तक उघडून बसणं म्हणजे घरच्यांना ‘आत्ता मी तुमच्या हाताशी नाही’ असं बजावणं होतं. आजच्या डार्क कादंबऱ्यांच्या आरंभी तर आत काय काय वाढून ठेवलंय त्याची यादीच छापलेली असते: मारहाण, अपहरण, बालपणीचे अत्याचार, स्वतःला इजा करून घेणं. ती वाचून जी पुढचं पान उलटते तिला कुणी फसवलेलं नसतं. शिवाय शेवट गोड होणार हा या प्रकाराचा अलिखित करार आहे. तो ठाऊक असतो म्हणूनच मधली भीती सोसवते. जिनं भीती घरातच पाहिली, तिला ती इथे हवी तेव्हा मिटून उशाशी ठेवता येते.

पण हे झालं वाचकांपुरतं. पुस्तकांबद्दल बोलायचं तर फिर्यादींना मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. मुखपृष्ठावरच्या उघड्या छातीच्या पुढे गेलात का? गेला असाल तर सांगा, या कादंबऱ्यांत नायिकेवर पहिला हात उचलतो कोण?

जोॲना वाइल्ड यांची ‘रीपर्स प्रॉपर्टी’ (२०१३) घ्या. मारी नावाची तरुणी मारकुट्या नवऱ्याला सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाकडे, भावाच्या ट्रेलरमध्ये राहायला येते. भाऊ ‘रीपर्स’ या क्लबच्या पैशांवर हात मारतो. क्लबवाले वसुलीला येतात, आणि भावाचा जीव राखायचा तर बहिणीनं त्यांच्यातल्या हॉर्स नावाच्या माणसाबरोबर जायचं, असा सौदा होतो. मराठी वाचकाला इथे द्यूतसभा आठवल्याशिवाय राहणार नाही. पणाला लागण्याची वेळ आणणारा घरचाच, नात्यानं हक्काचा.

दुसरं उदाहरण टिली कोल या इंग्रज लेखिकेच्या ‘इट एन्ट मी, बेब’चं (२०१४). नायिका मे ही एका धर्मपंथाच्या कुंपणाआड वाढलेली. स्वतःला प्रेषित म्हणवणारा एक म्हातारा आणि त्याचे अनुयायी तिथल्या मुलींवर देवाचं नाव घेऊन अत्याचार करतात. ती पळते आणि रक्तबंबाळ होऊन ‘हेडीस हँगमेन’ या क्लबच्या आवारात, कचऱ्याच्या पेटीमागे सापडते. क्लबचा अध्यक्ष स्टिक्स चारचौघांत बोलत नाही. वाचा अडखळते, म्हणून तो हातांच्या खुणांनी हुकूम सोडतो आणि त्याचा मित्र ते मोठ्यानं बोलून दाखवतो. ज्याच्या बोटांच्या हालचालीवर माणसं मरतात, त्याला शब्द फुटतो तो या पोरीपुढे. ही युक्ती भडक आहे हे मी नाकारत नाही. पण भडक असूनही ती काम करते, कारण मेच्या पंथात सगळं काही गोड, पवित्र शब्दांतच चालत होतं.

नवरा, भाऊ, धर्मगुरू. समाज ज्यांच्या हाती बाईला निर्धास्त सोपवतो तेच या पुस्तकांतले पहिले गुन्हेगार. क्लबवाला त्यांच्यानंतर येतो, आणि त्याची बदनामी निदान त्याच्या पाठीवर शिवलेली तरी असते. ‘जुलमाचं उदात्तीकरण’ म्हणणाऱ्यांना हा अर्धा भाग दिसत नाही. प्रतिष्ठित माणसाच्या जुलमाबद्दल इतकं निःशंक बोलणारी लोकप्रिय कादंबरी मला दुसरीकडे फारशी दिसलेली नाही.

यावर उत्तर ठरलेलं आहे: ही तर आगीतून फुफाट्यात. मान्य. गोष्ट सुरू होते तीच तिथे.

क्लबवाल्याच्या जाकिटाकडे जरा जवळून पाहा. क्लबचा ‘कट’ म्हणजे बिनबाह्यांचं चामड्याचं किंवा डेनिमचं जाकीट. पाठीवर तीन तुकडे: वरच्या कमानीत क्लबचं नाव, मधे चिन्ह, खालच्या कमानीत मुलूख. काहींच्या छातीवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात ‘१%’ लिहिलेलं. बाकीचे नव्व्याण्णव टक्के सरळमार्गी, आम्ही उरलेले, अशी ती मिजास. उमेदवाराला, म्हणजे ‘प्रॉस्पेक्ट’ला, हे सगळं मिळवायला पडेल ते काम करत झिजावं लागतं. बाईला यातलं काहीच मिळत नाही. या क्लबांचं सदस्यत्व पुरुषांपुरतं. तिला मिळतं वेगळं जाकीट, त्यावर ‘प्रॉपर्टी ऑफ’ आणि पुढे तिच्या पुरुषाचं नाव. हे लेखिकांच्या डोक्यातून निघालेलं नाही, खऱ्या क्लबांतली रीत आहे.

मारीला या जाकिटाचा अर्थ समजतो तेव्हा ती भडकते. हॉर्सचं म्हणणं, हे अंगावर असलं की तुला कुणी बोट लावणार नाही. तिचं म्हणणं, मी कुणाची वस्तू नाही. कादंबरीचा सगळा जीव या भांडणात आहे, आणि निकाल पुरता तिच्या बाजूनं लागत नाही. फिर्यादींना तेच खुपतं. मला ते खरं वाटतं. बाई कुणाची तरी आहे हे दिसल्याशिवाय ती सुरक्षित नाही, ही समजूत कॅलिफोर्नियातल्या टोळ्यांनी काढलेली नाही. एकटीनं प्रवास करताना खोटं मंगळसूत्र घालणाऱ्या बायका आपल्याकडेही आहेत. मारी त्या संरक्षणाची किंमत विचारते, घासाघीस करते, रागावून निघून जाते, परत येते. ही घासाघीस मोठ्यानं, संवादांत, पानंच्या पानं चालते. सज्जन नायकांच्या प्रेमकथांत ती कधी होतच नाही, कारण तिथे सगळं गृहीत असतं.

आता ‘खऱ्या गुंडांना या बाया हिरो करतात’ या आरोपाचं काय? तो आरोप करायचाच तर बायकांच्या फार आधी पुरुषांवर करावा लागेल. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या गावी मोटरसायकलवाल्यांच्या मेळाव्यात दंगामस्ती झाली. ‘लाइफ’ मासिकानं बिअरच्या बाटल्यांच्या खचात मोटरसायकलवर रेललेल्या एका माणसाचा फोटो छापला. त्या बाटल्या फोटोपुरत्या रचल्या होत्या असं तिथे हजर असलेल्या माणसानं पुढे सांगितलं. त्या घटनेवरून फ्रँक रूनीनं कथा लिहिली, कथेवरून १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ आला, आणि ब्रिटनच्या सेन्सॉरनं तो १९६७ पर्यंत अडवून धरला. गंमत पुढे आहे. ब्रँडोच्या विरोधात ली मार्विननं जो पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातला होता, तो ‘हेल्स एंजल्स’ या खऱ्या क्लबच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या अध्यक्षानं हॉलिवूडमध्ये जाऊन विकत घेतला. खरे गुंड सिनेमातल्या गुंडांची नक्कल करत होते. तेव्हा अस्सल काय आणि रोमान्स काय, हे पहिल्यापासूनच एकमेकांत मिसळलेलं आहे.

मग २००८ ते २०१४ ‘सन्स ऑफ अनार्की’ ही मोटरसायकल क्लबवरची मालिका चालली. शेक्सपिअरच्या हॅम्लेटवर बेतलेली, वडिलांच्या पिढीच्या पापांत अडकलेल्या मुलाची शोकांतिका. समीक्षकांनी तिला गांभीर्यानं घेतलं, कारण मरणारे पुरुष होते आणि त्यांच्या मनात द्वंद्व होतं. नायकाची बायको तारा डॉक्टर असते, या सगळ्यातून मुलांना घेऊन बाहेर पडू पाहते. २०१३ मध्ये सासू तिला स्वयंपाकघरात सिंकच्या पाण्यात बुडवते आणि मांस कापताना वापरायच्या काट्यानं भोसकून मारते. ‘रीपर्स प्रॉपर्टी’ त्याच वर्षीची. मला यात योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. त्याच जाकिटांच्या, त्याच क्लबघरांच्या जगात या लेखिकांनी बाईला मधोमध बसवलं आणि ठरवलं की ही मरणार नाही. पुरुषाची शोकांतिका ती कला आणि बाईचं जगणं तो बाजार, अशी वाटणी कुणी केली, तेही एकदा विचारायला हवं.

फिर्यादींच्या हातात एकच भक्कम हत्यार आहे, आणि ते त्यांना पुन्हा रॅडवेबाईंकडूनच मिळतं. त्यांचं निरीक्षण असं की रोमान्समध्ये नायकाचा कठोरपणा पुढे ‘खरं तर ते प्रेमच होतं’ असा उलगडून दाखवला जातो. म्हणजे घरातल्या तुसड्या पुरुषाच्या वागण्यातही बाईनं मायाच शोधावी असं शिक्षण त्यातून मिळतं. याला मी हसण्यावारी नेणार नाही. या प्रकारातल्या ढीगभर पुस्तकांत नायकाचं करपलेलं बालपण हे त्याच्या आजच्या वागण्यावरची सूट म्हणून वापरलं जातं. बापानं मारलं, म्हणून हा ओरडतो. आईनं टाकलं, म्हणून हा कोंडतो. अशी पुस्तकं रद्दीत घालायला माझी हरकत नाही.

पण टिली कोलच्याच ‘सोल्स अनफ्रॅक्चर्ड’मध्ये (२०१५) वेगळं घडतं. फ्लेम हा त्याच ‘हँगमेन’ क्लबातला सर्वांत भयानक माणूस. आपल्या रक्तातच आग आहे, पाप आहे, असं त्याच्या बापानं त्याच्या मनावर कोरलेलं; तो स्वतःला सुरीनं कापून घेतो आणि त्याला कुणाचा स्पर्श सहन होत नाही. मॅडी मेच्याच धर्मपंथातून सुटलेली, तिलाही स्पर्शाची धास्ती. तो तिच्या खिडकीखाली रात्रंदिवस येरझाऱ्या घालतो आणि ती आतून पाहते. दोघांना एकमेकांचं अंतरच हवंसं वाटतं. पुढचं सगळं त्या अंतरातून इंचाइंचानं होतं, नुसता हात हातात घेणं हीसुद्धा मोठी मजल. संमती म्हणजे काय हे व्याख्यानं देऊन जितकं कळत नाही तितकं या दोन मोडक्या माणसांच्या अवघडलेपणातून कळतं. इथे जखम सवलत मिळवून देत नाही, काम लावते, आणि दोघांना सारखंच लावते. हा फ्लेम बाहेर जाऊन माणसं मारतो, हे मी विसरलेलो नाही. तिथेच माझी वकिली संपते.

कारण या कादंबऱ्यांतलं प्रेम मला पटतं, त्यांचा हिशोब पटत नाही. नायकाचा क्लब पोट कशावर भरतो? शस्त्रं इकडून तिकडे जातात असं पुटपुटल्यासारखं सांगितलं जातं. आमच्या क्लबात बायकांचा व्यापार चालत नाही, हे ठासून सांगितलं जातं. ते काम नेहमी शत्रूच्या क्लबाचं. नायकाच्या हातून मरणारे सगळे मरायच्याच लायकीचे. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १९९४ ते २००२ या काळात हेल्स एंजल्स आणि रॉक मशीन या टोळ्यांत अमली पदार्थांच्या बाजारावरून जे युद्ध झालं, त्यात १६० हून अधिक माणसं मेली. ऑगस्ट १९९५ मध्ये मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर जीपमध्ये बॉम्ब फुटला, आणि जवळ असलेला ११ वर्षांचा मुलगा त्याच्या तुकड्यानं जखमी होऊन दगावला. लोक इतके खवळले की १९९७ मध्ये कॅनडाला टोळ्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. त्या मुलाला कुणाशी वैर नव्हतं, तो कुठल्या क्लबाचा नव्हता. मोटरसायकल क्लब रोमान्समध्ये असा मुलगा मी कधी मेलेला पाहिला नाही.

वाचक बिघडतील म्हणून मी हे म्हणत नाही. म्हणतो ते पुस्तक अर्धवट राहतं म्हणून. जी नायिका जाकिटावरच्या एका शब्दासाठी हॉर्सशी पानंच्या पानं भांडते, तिला घरात येणाऱ्या पैशाबद्दल एकदाही भांडावंसं वाटू नये? ज्या लेखिकेनं नवऱ्याचं, भावाचं, धर्मगुरूचं पितळ इतकं सफाईनं उघडं पाडलं, तिनं प्रियकराचं तेवढं झाकून का ठेवावं? गोड शेवटाचा करार मोडण्याची गरज नाही. मारीनं हॉर्सवर प्रेम करावं, त्याच्या मागे बसून मैलोन्मैल हिंडावं, आणि एका सकाळी चहा-कॉफीच्या टेबलाशी त्याला समोर बसवून विचारावं की या महिन्याचे पैसे कुठून आले. तो काय उत्तर देतो आणि ते ऐकून ती त्या घरात कशी राहते, की राहत नाही, यावर अख्खी कादंबरी उभी राहील. घासाघीस कशी करायची ते या लेखिकांना कुणी शिकवायला नको.