धूमकेतूची जुनी खाती

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास अनेक घरांतील भ्रमणध्वनींवर एकच संदेश फिरत होता. सूर्यमालेच्या बाहेरून आलेला ‘थ्रीआय-अ‍ॅटलस’ नावाचा धूमकेतू पृथ्वीकडे झेपावत आहे, तो धूमकेतू नसून परग्रहावरील यान आहे, आणि शास्त्रज्ञ ही गोष्ट दडवून ठेवीत आहेत, असा त्याचा आशय. माझ्या परिचयातील एका व्यापारी गृहस्थांनी तर मुदत ठेवींचे नूतनीकरण करावे की रक्कम हाती ठेवावी, असा सल्ला मला गंभीरपणे विचारला. जग बुडणार असेल तर रोख रक्कम तरी कोणत्या दुकानी चालणार, हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. भीतीचा हिशेब नेहमी असाच अर्धवट असतो.

त्या धूमकेतूची वस्तुस्थिती अशी होती. १ जुलै २०२५ रोजी चिली देशातील एका दुर्बिणीतून तो प्रथम दिसला. सूर्यमालेबाहेरून आलेला असा हा केवळ तिसरा ज्ञात पाहुणा. १९ डिसेंबरला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, आणि तेव्हाचे अंतर होते सुमारे २७ कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे हा ‘जवळ’ आलेला पाहुणा सूर्याच्याही जवळजवळ पावणेदोनपट दूर होता. खगोलशास्त्रातील ‘जवळ’ या शब्दाने जितकी घबराट माजवली आहे तितकी प्रत्यक्ष धूमकेतूंनी क्वचितच माजवली असेल. खात्रीशीर नोंद असलेल्या धूमकेतूंपैकी पृथ्वीच्या सर्वांत जवळून गेला तो १७७० सालचा लेक्सेलचा धूमकेतू. तोही चंद्राच्या सहापट अंतरावरून, सुमारे २२ लाख किलोमीटरवरून गेला. पुढे गुरू ग्रहाच्या आकर्षणाने त्याची कक्षाच बदलून टाकली आणि तो पुन्हा कधी दिसला नाही.

तथापि या भीतीची केवळ थट्टा करून भागणार नाही. आपल्या पूर्वजांना ग्रहणाचीही भीती वाटत असे. पण ग्रहण पंचांगात आधी नोंदलेले असे, त्याची वेळ ठरलेली असे. धूमकेतू मात्र न कळवता येई. वराहमिहिराने बृहत्संहितेत केतुचार नावाचा स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात त्याने प्रामाणिकपणे सांगून ठेवले आहे की केतूंचे दिसणे आणि मावळणे गणिताने जाणता येत नाही. आपल्या व्यापारी वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. तारीख देऊन येणारा लेखापरीक्षक आणि अवचित दारात उभा राहणारा आयकर अधिकारी यांत जो फरक, तोच ग्रहण आणि शेंडेनक्षत्र यांत होता. खाते चोख असले तरी दुसऱ्याला पाहून छातीत धडधडतेच.

हा अवचितपणा प्रथम मोडून काढला तो एडमंड हॅले यांनी, आणि तोही नवी दुर्बीण बांधून नव्हे, तर जुन्या नोंदी ताडून पाहून. १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेल्या धूमकेतूंचे मार्ग त्यांनी शेजारी शेजारी मांडले. ते इतके सारखे निघाले की हे तीन नसून एकच आहे आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल, असे त्यांनी सांगितले. हॅले १७४२ मध्ये निवर्तले. १७५८ च्या डिसेंबरात, नाताळच्या रात्री, धूमकेतू पुन्हा दिसला. धनको गेला तरी हुंडी मुदतीवर वटली.

यानंतर भीती संपायला हवी होती. ती संपली नाही. १९१० साली हाच हॅलेचा धूमकेतू ठरलेल्या वेळी आला. अमेरिकेतील यर्कीस वेधशाळेने त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करून शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याचे फेब्रुवारीत जाहीर केले. मे महिन्याच्या १८-१९ तारखेला पृथ्वी त्या शेपटीतून जाईल, असाही अंदाज होता. त्यातच कामिय फ्लामारियाँ या विख्यात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचे म्हणून वृत्तपत्रांत छापले गेले की हा वायू वातावरणात भिनून सर्व सजीवांचा अंत होऊ शकेल. लोकांनी दारांच्या फटी आणि कुलपांची भोके चिंध्यांनी बुजवली. बाजारात ‘धूमकेतूच्या गोळ्या’ विक्रीस आल्या, वायूपासून रक्षण करणारे मुखवटे खपू लागले. दुसरीकडे न्यूयॉर्कमधील हॉटेलांच्या गच्च्यांवर धूमकेतू पाहण्यासाठी मेजवान्याही झडत होत्या. भीती आणि हौस, दोन्हींचा बाजार एकाच वेळी तेजीत!

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की बातमीतील आकडा खोटा नव्हता. सायनोजेन खरोखरच होते. पण किती, हे कोणी विचारले नाही. धूमकेतूची शेपटी लाखो किलोमीटर पसरलेली असली तरी ती इतकी विरळ असते की प्रयोगशाळेत हवा उपसून केलेली पोकळी तिच्यापुढे दाट ठरावी. बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना आम्ही नेमके हेच पाहत असू. थकबाकी आहे, एवढ्याने काही कळत नाही; ती कशाच्या प्रमाणात आहे, हे कळल्यावाचून शेरा लिहायचा नसतो. १९ मेची सकाळ उजाडली आणि कोणालाही काही झाले नव्हते. गोळ्यांचे पैसे अर्थातच परत मिळाले नसतील.

आपल्याकडेही १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या वेळी अशीच घबराट झाली होती. गावोगाव होमहवने झाली. माझ्या आईकडून मी ऐकले आहे की आमच्या पेठेत त्या आठवड्यात उधारी देणे बंद झाले होते, वसुली मात्र जोरात होती. या सर्व प्रकारांत मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. एखाद्या बँकेविषयी अफवा उठली, ठेवीदारांची रांग लागली, तर ती सुस्थितीतील बँकही अडचणीत येऊ शकते. तेथे भीतीच संकटाला जन्म देते. धूमकेतूचे तसे नाही. कोट्यवधी माणसे घाबरली तरी तो तसूभरही जवळ येत नाही. नुकसान होते ते फक्त घाबरणाऱ्याच्या गाठीचे.

मग धूमकेतूपासून कधी धोका नसतोच का? असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही या धूमकेतूचे वीसहून अधिक तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले, आणि त्यांचे काही डाग पृथ्वीएवढे रुंद होते. म्हणून माझ्या मते या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण १९९२ चे आहे. त्या वर्षी रोखे घोटाळ्यामुळे आम्हां बँकवाल्यांना मान वर करून आकाशाकडे पाहण्याची सवड नव्हती, त्यामुळे ते मी पुष्कळ नंतर वाचले.

१८६२ मध्ये सापडलेला स्विफ्ट-टटल हा धूमकेतू १९८० च्या आसपास परतणे अपेक्षित होते. तो आलाच नाही. ब्रायन मार्सडेन या खगोलशास्त्रज्ञाने जुन्या नोंदी चाळून असे मत मांडले होते की १७३७ साली पेकिंगहून एका जेझुइट धर्मोपदेशकाने नोंदलेला धूमकेतू हाच असावा, आणि तसे असेल तर तो १९९२ मध्ये येईल. तो १९९२ मध्येच आला. पण हिशेबात सतरा दिवसांचा फरक पडला. सतरा दिवस म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. मार्सडेन यांनी तसे म्हटले नाही. पुढच्या फेरीतही पंधरा दिवसांची चूक राहिली, तर १४ ऑगस्ट २१२६ रोजी हा सुमारे सव्वीस किलोमीटर रुंदीचा गोळा पृथ्वीवर आदळू शकतो, असे त्यांनी उघडपणे सांगितले. जगभर मथळे झळकले.

आता ताळेबंद जुळेना तेव्हा जाणता मुनीम जे करतो तेच केले गेले. आणखी जुन्या चोपड्या उघडल्या. इसवी सन १८८ आणि इसवी सनापूर्वी ६९ या वर्षांच्या चिनी नोंदींत हाच धूमकेतू सापडला. राजदरबारातील कोणा लेखनिकाने तारीख आणि आकाशातील जागा टिपून ठेवली होती. आपण कोणासाठी लिहीत आहोत, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. दोन हजार वर्षांचे खाते एकत्र मांडल्यावर कक्षा स्थिर असल्याचे दिसले, फरक मिटला, आणि मार्सडेन यांनी इशारा मागे घेतला. ऑगस्ट २१२६ मध्ये स्विफ्ट-टटल आपल्यापासून सुमारे २.३ कोटी किलोमीटरवरून जाईल.

माझ्या त्या परिचित गृहस्थांना मी ही कथा सांगितली. त्यांनी ठेवीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले, आणि मग विचारले की हा स्विफ्ट-टटल तोवर आपल्याला दिसणारच नाही काय? तो दिसणार नाही. पण त्याने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी जाते. ते कण वातावरणात जळतात, त्यांनाच ययाती तारकासमूहातील उल्कावर्षाव म्हणतात. १२-१३ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर ईशान्येकडे पाहावे. आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा असतो, त्यामुळे ढगांनी वाट दिली तरच.