ओळखीची सही

चर्चच्या दारावर 'सर्वांचे स्वागत आहे' अशी पाटी लावायला फारसा खर्च येत नाही. खर्च येतो तो पाटी वाचून कुणी खरोखरच आत आले म्हणजे. ते माणूस कुठल्या बाकावर बसणार, त्याच्या घरचा चहा मंडळीतले किती लोक घेणार, कारभाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव कधी येणार, हे प्रश्न पाटीवर मावत नाहीत.

मराठी मुलखात एका माणसाने या प्रश्नांना शंभर वर्षांपूर्वीच हात घातला होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ते ख्रिस्ती झाले, पण परके व्हायला तयार नव्हते. कीर्तन, भजन, अभंग ही घरची भांडी घेऊनच ते नव्या घरात आले. तेव्हाच्या अहमदनगरला बालकवी त्यांच्या घरी राहिले, ते ख्रिस्ती न होताच. पुढे १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताच्या मागे चालण्याची ओढ असली की पुरे. बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना त्यात सारखीच जागा होती.

मी बँकेत होतो तेव्हा नवे खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. नियम लबाडाला अडवण्यासाठी होता. अडायचा मात्र बहुधा परगावाहून आलेला मजूर. त्याला ओळखणाऱ्यांची खाती नसत आणि खाती असणारे त्याला ओळखत नसत. काउंटर सर्वांना खुले होते, पण किल्ली आधीपासून आत असलेल्यांच्या हातात होती. टिळकांनी आपल्या दरबारातून नेमकी ही सही काढून टाकली.

ख्रिस्ती समाजात ती आजही मागितली जाते, हे मान्य करायला हवे. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्ये जातिभेद आहे हे स्वतःच लिहून दिले. दुसरीकडे, अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात पुढे १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. सरकार म्हणते, धर्म बदललात, जात गेली. मंडळी आडनाव विचारते आणि जात ओळखते. अशा माणसाने जायचे कुठे?

दार इतके मोकळे ठेवले तर श्रद्धेची शिस्त राहील का, असे काही जुनी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. नवऱ्यामागोमाग त्यांनी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. तो झाला १९०० साली. सोवळे-ओवळेही त्यांनी एका दिवसात टाकले नाही. 'स्मृतिचित्रे'त ती सारी ओढाताण त्यांनी हसत हसत सांगितली आहे. उंबऱ्यावरच त्यांची परीक्षा घेतली असती, तर एवढी मोठी बाई मंडळीबाहेरच राहिली असती. माणूस आत आल्यावर, चार माणसांत वावरून बदलतो. 'आधी बदल, मग ये' म्हणणाऱ्या दाराला दार का म्हणावे?

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. दरबार मांडून दोन वर्षेही पुरती झाली नव्हती, आणि त्यांच्यामागे तो फार काळ चालला नाही. एकट्या माणसाच्या मोठ्या मनावर उभे असलेले स्वागत असेच त्याच्याबरोबर जाते. म्हणून ते मंडळीच्या वहिवाटीत उतरले पाहिजे. नव्या कुटुंबाला पहिल्याच महिन्यात कुणीतरी घरी जेवायला बोलवावे. उपासनेत शास्त्रवाचनाला त्याला उभे करावे. कारभाऱ्यांत एक जागा नव्या माणसाची असावी, आणि दफनभूमीत सर्वांची रांग एकच असावी. एवढे झाले की पाटी सवडीने रंगवली तरी चालेल.